एकच नेट, घरात विंडोज, लिनक्स आणि मॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात बाबांचा डेस्कटॉप विंडोजवर चालतो, माझा लॅपटॉप लिनक्स मिंटवर. बहीण मॅकबुक आणि आयफोन वापरते, बाकी सगळ्यांकडे अँड्रॉइड. नेटचं कनेक्शन मात्र एकच. ते एका मशीनकडून दुसऱ्याकडे कसं न्यायचं, मध्येच का अडतं, याबद्दल नातेवाईक आणि मित्र मला इतक्यांदा विचारतात, की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

वाचण्याआधी दोन गोष्टी. ज्या मशीनपर्यंत नेट पोचलेलं आहे त्याला मी 'देणारं' म्हटलंय आणि ज्याला हवंय त्याला 'घेणारं'. दुसरं म्हणजे आकडे आणि आज्ञा इथे देवनागरीत आहेत, मशीनवर टाइप करताना इंग्रजीतच टाका.

वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम एकमेकींचं नेट वापरू शकतात का?

हो, अगदी सहज. विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन हे सगळे नेटवर्कवर टीसीपी-आयपी ही एकच भाषा बोलतात. घेणाऱ्याला देणारा कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला एक पत्ता मिळाला आणि बाहेर जायचं दार कळलं की त्याचं काम झालं. फरक असतो तो फक्त देणाऱ्या मशीनवर बटण कुठे आहे याचा. म्हणून 'लिनक्सला विंडोजचं नेट चालत नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, अडचण दुसरीकडेच असणार.

राउटर असताना हा खटाटोप कशाला?

राउटर नीट चालत असेल तर खरंच गरज नाही. सगळी मशीन थेट राउटरला जोडा.

गरज पडते ती अशा वेळी: राउटर जळला आणि नवा यायला चार दिवस आहेत. गावच्या घरी फायबर नाही, फोनचा डेटा तेवढा आहे. जुन्या डेस्कटॉपला वायफाय कार्डच नाही. किंवा होस्टेलवर एका नावाने एकच मशीन लॉगिन करता येतं.

हल्ली यात एक कारण वाढलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ज्यांवर चढत नाही अशा कितीतरी धडधाकट मशीनवर लोक लिनक्स टाकताहेत. टाकल्यावर कळतं की वायफायचा ड्रायव्हर आलेलाच नाही, आणि तो उतरवायला नेट हवं! यावर रामबाण उपाय फोनचं यूएसबी टिथरिंग, म्हणजे फोनचं नेट केबलने कंप्युटरला देणं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

देणारं मशीन नेमकं काय करतं?

हे एकदा समजून घ्या, कारण पुढची सगळी दुरुस्ती यावरच उभी आहे. देणारं मशीन तीन कामं करतं.

पहिलं काम पत्ते वाटणं, म्हणजे डीएचसीपी. घेणारं मशीन जोडलं गेलं की विचारतं, 'मी कोण?' देणारं त्याला एक आकडा देतं.

दुसरं काम पत्ता बदलणं, म्हणजे नॅट. जुना वाडा आठवा. रस्त्यावरून पत्ता एकच, आत दहा बिऱ्हाडं. पत्र वाड्याच्या नावावर येतं आणि ते कोणत्या बिऱ्हाडाचं, हे दारावरचा माणूस ठरवतो. देणारं मशीन तो दारावरचा माणूस आहे. आतल्या बिऱ्हाडांसाठी आकड्यांचे तीन पट्टे १९९६ पासून राखून ठेवलेत: १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले. हे आकडे बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून तर दारावर अदलाबदल करावी लागते.

तिसरं काम नावाचा आकडा करून देणं, म्हणजे डीएनएस. आपण साइटचं नाव टाकतो, मशीनला आकडा लागतो.

नेट चालत नाही म्हणजे या तिघांपैकी कुणीतरी काम करत नाहीये. कोण, ते शोधायचं. ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही असो, शोधायची पद्धत एकच.

देणारा कोण आहे हे पत्त्यावरून ओळखता येतं का?

बहुतेक वेळा येतं, आणि मला तरी ही गोष्ट फार उपयोगी पडते. घेणाऱ्या मशीनवर 'गेटवे' (बाहेर जायचं दार) म्हणून जो आकडा दिसतो तो बघा. विंडोज ७ आणि त्यानंतरच्या विंडोज १९२.१६८.१३७.१ वापरतात. लिनक्सचा नेटवर्कमॅनेजर १०.४२.०.१ पासून सुरुवात करतो. मॅक १९२.१६८.२.१ देतो. आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१०.१ असतो. जुने अँड्रॉइड १९२.१६८.४३.१ द्यायचे, नव्यांमध्ये आकडा बदलता असतो.

आणि आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कुणी पत्ता दिलेलाच नाही. वाट बघून बघून मशीनने स्वतःच स्वतःला तो लावून घेतलाय.

विंडोजवरून नेट कसं द्यायचं?

सोपा मार्ग म्हणजे मोबाइल हॉटस्पॉट. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटखाली तो आहे. विंडोज १० मध्ये २०१६ च्या अपडेटपासून तो सगळ्यांसाठी आला. जास्तीत जास्त आठ उपकरणं जोडता येतात. नेट केबलने आलेलं असो की वायफायने, दोन्ही चालतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच वायफाय कार्ड नेट घेऊही शकतं आणि देऊही शकतं. तिथेच पॉवर सेव्हिंगचं बटण आहे. कुणी जोडलेलं नसलं की थोड्या वेळाने ते हॉटस्पॉट आपोआप बंद करतं. डेस्कटॉपवर ते बंद ठेवा, नाहीतर 'मघाशी तर चालत होतं' हे रोज ऐकावं लागेल.

केबलने द्यायचं असेल तर जुना मार्ग घ्या, इंटरनेट कनेक्शन शेअरिंग. हा १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे आणि आजही तिथेच आहे. विंडोजची कळ आणि आर दाबा, एनसीपीए.सीपीएल टाका, एंटर. समोर कार्डांची यादी येते. ज्या कार्डातून नेट येतंय त्यावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, शेअरिंगचा टॅब निवडा आणि पहिल्या चौकटीत टिक करा. खाली विचारलं, तर ज्या कार्डातून नेट द्यायचंय ते निवडा.

'नेट येतंय' आणि 'नेट द्यायचंय' हे शब्द पुन्हा वाचा. मला दाखवलेल्या दहातल्या निम्म्या मशीनवर टिक उलट्या कार्डावर असते. माणसाला वाटतं, 'मला लॅन केबलने द्यायचंय, म्हणजे लॅनच्या कार्डावर टिक.' तसं नाही. नेट वायफायने येत असेल तर टिक वायफायवर. उलटं केलंत तर वायफायच्या कार्डाला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता चिकटतो आणि होतं ते नेटही जातं. तसं झालं तर टिक काढा आणि त्या कार्डाच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये पत्ता पुन्हा 'आपोआप घ्या' असा करा.

विंडोज रीस्टार्ट केलं की शेअरिंग बंद पडतं. टिक तर तशीच दिसते!

विंडोज १० च्या २०१७ मधल्या एका अपडेटनंतर हे सुरू झालं. टिक असते, पण मागची सेवा झोपलेली असते. तात्पुरता उपाय म्हणजे टिक काढून पुन्हा लावणं.

कायमचा उपाय दोन पायऱ्यांचा. सर्व्हिसेसच्या यादीत 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' शोधून तिचा स्टार्टअप प्रकार ऑटोमॅटिक करा. मग रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, शेअर्ड अ‍ॅक्सेस इथपर्यंत उतरा. तिथे 'एनेबल रीबूट पर्सिस्ट कनेक्शन' या नावाची डीवर्ड नोंद करा, चारही शब्द सलग जोडून, आणि तिची किंमत १ ठेवा. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी ती फोल्डर एक्सपोर्ट करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, आळस करू नका.

लिनक्सवरून कसं द्यायचं?

उबुंटू, मिंट, फेडोरा या सगळ्यांत नेटवर्कमॅनेजर असतो आणि तो हे काम फार छान करतो. वायफायने द्यायचं असेल तर ग्नोम या डेस्कटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये 'टर्न ऑन वायफाय हॉटस्पॉट' आहे. केबलने द्यायचं असेल तर नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत वायर्ड कनेक्शन उघडा, आयपीव्ही४ च्या टॅबमध्ये मेथड 'शेअर्ड टू अदर कंप्युटर्स' करा आणि सेव्ह करा. केबल काढून पुन्हा लावा. बास. पत्ते वाटणं, नॅट, डीएनएस, तिन्ही कामं तो स्वतः लावतो. इंटरनेटवर अजूनही आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉल नियमांच्या) लांबलचक ओळी लिहून देणारे लेख सापडतात. घरच्या कामाला त्यांची गरज पडत नाही.

तरी चालत नसेल तर दोन ठिकाणी बघा. यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू केली असेल तर ती आत येणारं सगळं अडवते, त्यात पत्त्याची विचारणाही आली. डीएचसीपीचा यूडीपी ६७ आणि डीएनएसचा ५३ हे दोन पोर्ट त्या कार्डासाठी उघडा, शिवाय फॉरवर्डिंगलाही, म्हणजे एका कार्डातून आलेलं दुसऱ्यातून पुढे पाठवायलाही, परवानगी द्या.

दुसरी जागा डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत चालवणारं सॉफ्टवेअर. हे मला शोधायला एक अख्खी रात्र लागली. माझ्या लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पत्ता मिळत होता, नावाचा आकडा होत होता, पण पुढे काही जात नव्हतं. डॉकर टाकला की तो लिनक्सचं फॉरवर्डिंगचं धोरण 'ड्रॉप'वर नेतो, म्हणजे एका कार्डातून आलेलं दुसऱ्यातून बाहेर जाऊ देत नाही. डॉकर-यूजर नावाच्या साखळीत शेअरिंगच्या कार्डासाठी परवानगीचे नियम घातले, जाणारा आणि येणारा दोन्ही, आणि लगेच चालू झालं.

मॅकवरून?

सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, इंटरनेट शेअरिंग. कुठून घ्यायचं आणि कशावरून द्यायचं ते निवडा. वायफायने घेतलेलं नेट वायफायनेच द्यायला मॅक तयार होत नाही. घेणं केबलने असेल तर देणं वायफायने, किंवा उलट. आणि मॅक झोपला की शेअरिंगही झोपतं, तेव्हा चार्जरला लावून स्लीप बंद ठेवा.

फोनचं नेट केबलने कंप्युटरला द्यायचंय. कोणता फोन कशाला चालतो?

अँड्रॉइड आणि लिनक्स ही जोडी सगळ्यात बिनत्रासाची. केबल लावा, फोनच्या हॉटस्पॉट आणि टिथरिंगमध्ये यूएसबी टिथरिंग चालू करा, दोन-चार सेकंदांत नेट आलंच. वर म्हटलं ते हेच. कोऱ्या लिनक्सला वायफायचा ड्रायव्हर नसेल तर पहिलं नेट असं द्यायचं आणि ड्रायव्हर उतरवून घ्यायचा. एक खुबी सांगतो: फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन टिथरिंगमधून ते वायफायचंच नेट पुढे देतात. मोबाइल डेटा संपत नाही आणि फोन हेच तुमचं वायफाय कार्ड होतं. वायफाय नसलेल्या डेस्कटॉपला मी कित्येक महिने असंच चालवलं.

अँड्रॉइड आणि विंडोजही बहुधा जमतं. अँड्रॉइड आणि मॅकची यूएसबीवर पुष्कळदा जमत नाही, कारण बरेच फोन वापरतात ती आरएनडीआयएस पद्धत मॅकला येत नाही. तिथे सरळ वायफाय हॉटस्पॉट वापरा.

आयफोन मॅकला लगेच चालतो. विंडोजला अ‍ॅपलचे ड्रायव्हर लागतात, ते आयट्यून्स किंवा अ‍ॅपल डिव्हाइसेस टाकलं की येतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये आयफोनचा ड्रायव्हर आहे, सोबत यूएसबीमक्सडी हा छोटा प्रोग्राम असावा लागतो. फोनवर 'ट्रस्ट धिस कंप्युटर' विचारलं की ट्रस्ट दाबून पासकोड द्या. ते दाबल्याशिवाय काहीच होत नाही आणि बऱ्याच जणांची सूचना तशीच विझून जाते.

जुनी उपकरणं आयफोनचा हॉटस्पॉट बघूच शकत नसतील तर 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' चालू करा. मग तो २.४ गिगाहर्ट्झवर येतो.

आणि केबल! दुकानात स्वस्तात मिळणाऱ्या काही केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. फोन चार्ज होतोय पण टिथरिंगचं बटण दाबताच येत नाही, असं दिसलं की आधी केबल बदला.

दोन कंप्युटर थेट जोडायला क्रॉसओव्हर केबल लागते ना?

आता नाही. गिगाबिट कार्डं तारांचा क्रम स्वतःच ओळखून घेतात. साधी लॅन केबल चालते. मशीन पंधरा-वीस वर्षं जुनं असेल तरच हा विचार करा.

वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट नाही. सुरुवात कुठून करू?

पत्ता, दार, बाहेरचा आकडा, बाहेरचं नाव. या क्रमाने बघा आणि क्रम सोडू नका.

पत्ता बघायला विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग, लिनक्सवर आयपी ए. १६९.२५४ दिसलं तर डीएचसीपी मिळत नाहीये, म्हणजे देणाऱ्याकडे शेअरिंग बंद आहे किंवा तिथली फायरवॉल विचारणा अडवतेय. बरोबरचा पत्ता दिसला तर पुढे.

दार म्हणजे गेटवे. वर दिलेला त्याचा आकडा घ्या आणि पिंग करा, म्हणजे पिंग ही आज्ञा देऊन त्याला हाक मारा आणि उत्तर येतं का बघा. उत्तर आलं तर छान. नाही आलं तरी घाईने निष्कर्ष काढू नका, कारण विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला उत्तर देत नाही, नेट मात्र व्यवस्थित देत असते. उत्तर आलं असेल तर त्याच ओळीत येणारा टीटीएल हा आकडाही बघा. १२८ असेल तर समोर विंडोज आहे, ६४ असेल तर लिनक्स, मॅक किंवा फोन. एकाच घरात चार मशीन असली की हा आकडा बरंच काही सांगून जातो.

आता बाहेरचा आकडा, ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर नाही, म्हणजे पत्ता बदलण्याचं काम अडलंय, किंवा देणाऱ्याचंच नेट गेलंय. देणाऱ्या मशीनवर जाऊन तिथून हाच पिंग करा. तिथे चालतो आणि इथे नाही, तर नॅट किंवा फॉरवर्डिंग. विंडोजवर टिक काढून लावा, लिनक्सवर वरच्या दोन जागा बघा.

शेवटी नाव. विकिपीडिया.ऑर्गला पिंग करा. आकडा चालला आणि नाव चाललं नाही तर दुखणं डीएनएसचं. घेणाऱ्या मशीनवर डीएनएस हाताने १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ठेवा.

मागच्या दिवाळीत मावशीच्या घरी हेच केलं. तिचा मुलगा दोन दिवस ड्रायव्हर काढून टाकत होता, पुन्हा टाकत होता. पत्ता १९२.१६८.१३७.५५, ठीक. बाहेरचा आकडा, चार उत्तरं, ठीक. नाव, 'कुड नॉट फाइंड होस्ट'. डीएनएसच्या रकान्यात जुन्या कंपनीचा कधीचा आकडा हाताने भरलेला होता. तो पुसला आणि फराळ संपायच्या आत नेट सुरू झालं.

काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात. का?

पाकिटाच्या, म्हणजे नेटवरून जाणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याच्या, मापाचा प्रश्न असू शकतो. साध्या नेटवर्कवर एक पाकीट १५०० बाइटचं जातं. पीपीपीओई म्हणजे यूजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं ब्रॉडबँड त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. राउटर हे सांभाळून घेतो. पण राउटर गेला आणि तुम्ही थेट लॅपटॉपवरून डायल करून पुढे देत असाल तर घेणारं मशीन १५०० चं पाकीट पाठवतं आणि ते वाटेत हरवतं. छोटी पानं येतात, मोठी अडकतात.

तपासायला पिंगला 'तुकडे करू नकोस' हा पर्याय लावून १४७२ बाइट पाठवा, मग १४६४. पहिलं गेलं नाही आणि दुसरं गेलं, तर नक्की हेच, कारण पिंगचं स्वतःचं वेष्टण २८ बाइटचं असतं. घेणाऱ्या मशीनवर एमटीयू, म्हणजे पाकिटाचं कमाल माप, १४९२ करा. मोबाइल डेटावर याहून कमी लागू शकतो, १४०० ठेवून बघा.

याच लक्षणाचं दुसरं कारण चुकलेलं घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सुरक्षित साइट उघडत नाहीत. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळ बरोब्बर साडेपाच तासांनी चुकतं: लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो, विंडोज स्थानिक. सेल बदलून त्यात फरक पडत नाही, लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगावं लागतं.

बाबांनी कंप्युटर बंद केला की अर्ध्या घराचं नेट जातं. हे कसं शक्य आहे?

हे आमच्याच घरात झालं, म्हणून तपशिलात सांगतो. राउटर चालू, दिवे हिरवे, फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या. आणि तरी संध्याकाळी बाबांनी डेस्कटॉप बंद केला की टीव्ही आणि आईचा फोन गप्प. माझा लॅपटॉप मात्र चालूच. आठवडाभर आम्ही राउटरला दोष दिला.

एके दिवशी आईच्या फोनवर गेटवे बघितला: १९२.१६८.१३७.१. राउटरचा तर १९२.१६८.१.१ आहे. १३७ म्हणजे विंडोज! राउटर बिघडला होता तेव्हा मी डेस्कटॉपवर शेअरिंग लावलं होतं. राउटर आल्यावर डेस्कटॉप वायफायने जोडला, वर लॅन केबलही राउटरमध्ये खोचली आणि टिक काढायची राहिली. आता घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. ज्याने आधी उत्तर दिलं त्याचा पत्ता लागायचा. ज्यांना डेस्कटॉपने पत्ता दिला त्यांचं सगळं जाणं-येणं डेस्कटॉपमधून, तो बंद झाला की दार बंद. टिक काढली, टीव्ही आणि फोनचं वायफाय बंद-चालू केलं, संपलं.

म्हणून राउटर परत आला की पहिलं काम, देणाऱ्या मशीनवरचं शेअरिंग बंद करणं. एका जाळ्यात पत्ते वाटणारा एकच असला पाहिजे.

हॉटस्पॉटचं नाव मराठीत ठेवता येईल का?

येईल, आणि ठेवलेलं मला आवडतं. मर्यादा ३२ बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटीला वेगवेगळे तीन. 'आमचे घर' हे नाव १९ बाइटचं होतं, कारण 'चे'मधली मात्रा वेगळी मोजली जाते. तर साधारण दहा चिन्हांत बसवा. जुने प्रिंटर आणि टीव्ही असं नाव चित्रविचित्र दाखवतात, तेवढं चालत असेल तर खुशाल ठेवा.

पासवर्ड मात्र इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा, ८ ते ६३ अक्षरी. आणि पासवर्डशिवाय हॉटस्पॉट उघडा ठेवू नका. कनेक्शन तुमच्या नावावर आहे, त्यावरून कुणी काहीही केलं तरी विचारणा तुमच्याकडे येते. एखादं जुनं उपकरण जोडलंच जात नसेल तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा आणि डब्ल्यूपीए२ करा.

नेट आलं, पण प्रिंटर दिसत नाही.

प्रिंटर राउटरच्या जाळ्यात आणि तुमचं मशीन देणाऱ्याच्या मागे, असं असेल तर दोघं वेगळ्या वाड्यांत आहेत. आपोआप शोधणं दाराच्या पलीकडे जात नाही. प्रिंटरचा आकडा हाताने टाकून बघा, बहुधा चालतो. उलट दिशेने, म्हणजे राउटरच्या बाजूच्या फोनवरून मागच्या मशीनवरच्या फाइल, असं सहजी जमत नाही. फाइलींची देवाणघेवाण रोजची असेल तर सगळी मशीन राउटरलाच जोडलेली बरी.

बाहेरगावाहून घरचा कॅमेरा बघायचाय. पोर्ट उघडूनही दिसत नाही.

राउटरवर बाहेरच्या बाजूचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर कंपनीनेच तुमच्यावर आणखी एक नॅट बसवलाय. तुमच्या दारावर कितीही काम केलंत तरी बाहेरचं मोठं दार तुमच्या हातात नाही. कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा, किंवा कॅमेऱ्याचं स्वतःचं अ‍ॅप वापरा.

पुढे दिलेलं नेट हळू का चालतं?

एकच वायफाय कार्ड घेतंय आणि देतंय, तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं. वेग साधारण निम्मा होणारच. एक बाजू केबलची करा, लगेच फरक दिसेल. ब्लूटूथने देण्याच्या फंदात पडू नका, दोन-तीन मेगाबिटच्या वर ते जात नाही.

भिंतींचाही वाटा असतो. कोकणातल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या आहेत, चांगल्या हातभर जाड. ओटीवरचं ५ गिगाहर्ट्झ माजघरात पोचता पोचता मरतं. २.४ वर केलं की वेग कमी, पण स्वयंपाकघरापर्यंत जातं. शेवटी मी ओटीवरून माजघरात एक लॅन केबल ओढली आणि तिथे जुना लॅपटॉप लिनक्स टाकून हॉटस्पॉट म्हणून ठेवला. त्याला स्वतःची बॅटरी आहे, ओटीवरच्या फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. पावसाळ्यात वीज गेली तरी तासभर तरी नेट चालू असतं.